भिंतीवरची काळी बुरशी : ती पुसली तरी परत का येते?

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेलात की एक काम करा. न्हाणीघरात जाऊन वरच्या कोपऱ्याकडे, जेथे दोन भिंती आणि छत एकत्र येतात तेथे नीट पाहा. मग फरश्यांमधल्या सांध्यांवरून, नळाच्या मागून आणि दाराच्या खालच्या कडेवरून नजर फिरवा. पावसाळ्याचे दिवस असतील तर साताऱ्यात काय किंवा सांगलीत काय, बऱ्याच घरांत तुम्हाला तेथे काळपट किंवा हिरवट ठिपक्यांची नक्षी दिसेल. घर भाड्याचे असेल, न्हाणीघर लहान असेल आणि खिडकी एकच व तीही कायम बंद असेल, तर ती नक्षी हमखास दिसेल.

घरातली मोठी माणसे हे डाग घासतात. भिंत स्वच्छ होते आणि पंधरा दिवसांत डाग पुन्हा हजर होतात. मग कोणी म्हणते पावडर चांगली नव्हती, कोणी म्हणते रंग हलका होता, घरमालक म्हणतो भाडेकरू स्वच्छता ठेवत नाहीत आणि भाडेकरू म्हणतो भिंतच खराब आहे. या भांडणात एक साधा प्रश्न राहून जातो : ही बुरशी जगते कशावर? त्याचे उत्तर मिळाले की ती घालवायची कशी हेही कळते आणि दोष कोणाचा हेही पुष्कळसे कळते.

बुरशी म्हणजे कोण?

बुरशी म्हणजे मळ नव्हे. तो एक सजीव आहे. वनस्पतींप्रमाणे तिच्यात हरितद्रव्य नसते, म्हणून ती स्वतःचे अन्न तयार करू शकत नाही. प्राण्यांप्रमाणे तिला तोंड व पोटही नसते. ती आपल्या अन्नावरच वाढते, शरीरातून पाचक रस बाहेर सोडते आणि विरघळलेले अन्न शोषून घेते. ही तऱ्हा इतकी वेगळी आहे की व्हिटेकर या शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये सजीवांची पाच सृष्टींत विभागणी केली, तेव्हा बुरशींना स्वतंत्र सृष्टी दिली.

तुम्हाला दिसणारा काळा ठिपका म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या अतिशय बारीक धाग्यांचे जाळे असते. या धाग्यांना कवकतंतू म्हणतात. त्यांवर बीजाणू तयार होतात. एक बीजाणू साधारणतः मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा असतो. तो इतका हलका असतो की वाऱ्याच्या झुळकेबरोबर घरभर फिरतो. तुमच्या वर्गात, एसटीच्या गाडीत, देवघरात, सगळीकडे बीजाणू आहेत. घर कितीही स्वच्छ असले तरी खिडकीतून ते येतच राहणार. म्हणून ‘बुरशीचे बीज घरात येऊच द्यायचे नाही’ हा विचार सोडून दिलेला बरा.

बीजाला रुजण्यासाठी दोन गोष्टी लागतात, अन्न आणि पाणी. न्हाणीघरात अन्नाची वाण नाही. साबणाचा थर, अंगावरून गळालेल्या त्वचेचे कण, तेल, धूळ आणि भिंतीच्या रंगातले चिकट पदार्थ यांवर बुरशी मजेत जगते. हे सगळे पूर्णपणे दूर करणे आपल्याला शक्य नाही. उरले पाणी. बुरशीशी लढताना आपल्या हाती असलेला दोर हाच आहे.

भिंतीलगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ८० टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहिली की बहुतेक बुरशी रुजतात. येथे ‘दिवसेंदिवस’ हा शब्द महत्त्वाचा आहे. भिंत तासभर ओली झाली आणि नंतर खडखडीत वाळली, तर बीजाणूचे फावत नाही. भिंत एक-दोन दिवस सतत ओलसर राहिली तर मात्र त्याला संधी मिळते.

हे तत्त्व आपल्या भागातल्या शेतकऱ्यांना नवे नाही. पिकलेल्या द्राक्षात सुमारे चार-पंचमांश पाणी असते, ते लवकर नासते. तेच द्राक्ष वाळवून तासगावचा बेदाणा केला की महिनोन् महिने टिकते. हरिपूरला जमिनीतल्या पेवांत हळद वर्षानुवर्षे सुरक्षित राहत असे, ती हळद व पेव दोन्ही कोरडी असत म्हणून. २००५ च्या महापुराचे पाणी पेवांत शिरले आणि हळद खराब झाली. द्राक्षबागेवर दावण्या नावाचा रोग येतो. त्याला कारण होणारा जीव खऱ्या बुरशीचा केवळ दूरचा सोबती आहे, तरी त्यालाही रुजण्यासाठी काही तास ओले पान लागते. म्हणून पाऊस पडून गेल्यावर बागायतदार पाने किती वेळ ओली राहिली याकडे लक्ष ठेवतो आणि वेलीत हवा खेळावी म्हणून दाट फुटवे काढून टाकतो. न्हाणीघरातही आपल्याला हेच करायचे आहे.

हवेत पाणी मावते तरी किती?

आता थोडे गणित करू. हवेत बाष्प किती मावेल हे तापमानावर अवलंबून असते. एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त किती ग्रॅम बाष्प राहू शकते ते पाहा :

१० अंश सेल्सियस : ९.४ ग्रॅम
१५ अंश सेल्सियस : १२.८ ग्रॅम
२० अंश सेल्सियस : १७.३ ग्रॅम
२५ अंश सेल्सियस : २३.० ग्रॅम
३० अंश सेल्सियस : ३०.४ ग्रॅम

आपले न्हाणीघर २ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच आहे असे धरा. त्याचे घनफळ ७.५ घनमीटर. तापमान २५ अंश असेल तर त्यातील हवेत अधिकात अधिक सुमारे १७३ ग्रॅम बाष्प मावेल. पावसाळ्यात हवा आधीच ८० टक्के भरलेली आहे असे समजा. म्हणजे १३८ ग्रॅम बाष्प तेथे आहेच. मग रिकामी जागा उरली फक्त ३५ ग्रॅमची, म्हणजे चहाच्या साधारण सात चमच्यांएवढी!

आता जमिनीवर साचणाऱ्या पाण्याचा हिशेब करा. आंघोळीनंतर ३ चौरस मीटर फरशीवर ०.२ मिलिमीटर जाडीचा पाण्याचा पापुद्रा राहिला तर ते पाणी ६०० ग्रॅम होते. भिंतीवरचे थेंब आणि दोरीवरचा ओला टॉवेल यांचे पाणी वेगळेच. हे ६०० ग्रॅम पाणी हवेत मिसळून बाहेर जायचे असेल तर न्हाणीघरातली सगळी हवा निदान सतरा वेळा बदलली पाहिजे. बाहेरची आर्द्रता ९५ टक्के असेल तर रिकामी जागा नऊ ग्रॅमहूनही कमी उरते आणि हवा सुमारे सत्तर वेळा बदलावी लागते. खिडकी बंद असेल तर हे घडणार कसे? उलट, रबरी पट्टीच्या वायपरने फरशी व भिंत ओढून काढली तर त्यातले बहुतेक पाणी दोन मिनिटांत मोरीत जाते. बाष्प करून हाकलण्यापेक्षा पाणी पाण्याच्याच रूपात घालवणे किती सोपे आहे, पाहा.

तक्त्यातून आणखी एक गोष्ट कळते. २५ अंशांची बाष्पाने भरलेली हवा २० अंशांच्या भिंतीला टेकली तर तिथल्या प्रत्येक घनमीटरमागे सुमारे पावणेसहा ग्रॅम बाष्प हवेत राहू शकत नाही. ते थेंब होऊन भिंतीवर बसते. यालाच सांद्रीभवन म्हणतात. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो तो याच कारणाने. घराच्या बाहेरच्या भिंती, त्यातही त्यांचे कोपरे, बाकीच्या भागापेक्षा गार असतात आणि तेथे हवा फारशी हलत नाही. म्हणून बुरशीची पहिली वसाहत कोपऱ्यात होते.

दोन जिल्हे, दोन प्रकारची ओल

बुरशीला पाणी कोठूनही आले तरी चालते. आपल्याला मात्र ते कोठून आले हे शोधावे लागते, कारण त्यावरच उपाय ठरतो. सातारा व सांगली हे शेजारचे जिल्हे याचा उत्तम धडा देतात.

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये तेथे ढग डोंगरावर उतरलेले असतात. ढग म्हणजे पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब. दार उघडले की ढगच घरात येतो! कपडे दिवसेंदिवस वाळत नाहीत, चामड्याच्या चपलांवर आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी चढते. येथला जांभा दगडही सच्छिद्र असतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी घरांच्या भिंतींना गवताच्या झडी बांधण्याची तेथे जुनी रीत आहे. अलीकडे त्या जागी प्लॅस्टिकचे कागदही दिसतात. झड भिंतीला ऊब देते असे नव्हे. ती पावसाचा मारा भिंतीपर्यंत पोहोचू देत नाही. पाणी आत आल्यावर पुसण्याऐवजी ते बाहेरच अडवायचे, हे शहाणपण त्यात आहे.

महाबळेश्वरच्याच डोंगरात कृष्णा आणि कोयना उगम पावतात, कराडला एकत्र येतात आणि पुढे सांगलीकडे जातात. सांगली शहरात स्वतःचा पाऊस बेताचाच, सहाशे मिलिमीटरच्या घरात. पण वरच्या डोंगरांवरचा पाऊस नदीतून येथे येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि शहराचे मोठे भाग पाण्याखाली गेले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. पाणी ओसरले, चिखल काढला, तरी विटांच्या भिंती लगेच वाळत नाहीत. वीट ही बारीक नळ्यांनी भरलेली असते. त्या नळ्या पाणी धरून ठेवतात. जमिनीतली ओलही केशाकर्षणाने भिंतीत वर चढते. टाकाऊ खडूचे एक टोक शाईच्या पाण्यात बुडवून पाहा, शाई कशी वर चढते ते दिसेल. भिंतीचेही तसेच होते.

म्हणजे एका ठिकाणी पाणी हवेतून भिंतीवर येते, तर दुसऱ्या ठिकाणी भिंतीतून बाहेर येते. याशिवाय तिसरा प्रकार सर्व गावांत सारखाच आढळतो. तो म्हणजे गळती : भिंतीत दडलेला फुटका नळ, वरच्या मजल्याच्या न्हाणीघराची झिरपणारी फरशी किंवा गच्चीला पडलेली भेग.

ओल कोठली ते ओळखा

यासाठी एक सोपा प्रयोग आहे. बुरशीच्या शेजारचा भिंतीचा भाग पुसून शक्य तेवढा कोरडा करा. त्यावर वीतभर लांब व वीतभर रुंद असा प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा चिकटपट्टीने चारही बाजूंनी घट्ट बसवा. एक-दोन दिवस तसाच ठेवा. प्लॅस्टिकच्या बाहेरच्या, म्हणजे खोलीकडच्या, बाजूला थेंब जमले तर पाणी हवेतून आले, अर्थात सांद्रीभवन. प्लॅस्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या, बाजूला थेंब आले तर ओल भिंतीतच आहे. दोन्हीकडे थेंब असतील तर दोन्ही कारणे आहेत. या काळात त्या तुकड्यावर पाणी उडणार नाही एवढी काळजी घ्या.

डागाची जागाही साक्ष देते. वरच्या कोपऱ्यात विखुरलेले काळे ठिपके हे बहुधा सांद्रीभवनाचे लक्षण. जमिनीपासून वर चढलेला, वरची कड वेडीवाकडी असलेला पट्टा ही जमिनीतली ओल. छताच्या मध्यावर पिवळसर कडेचा गोल डाग ही वरून होणारी गळती. उन्हाळ्यातही डाग ओला राहत असेल तर नळाच्या गळतीचा संशय घ्यावा.

एक फसगत मात्र टाळा. भिंतीवर कधी कधी पांढरी, पिठासारखी भुकटी येते. आपण म्हणतो भिंतीला लोणा लागला. ती बुरशी नसते. ते विटांतले व मातीतले क्षार आहेत. पाण्याबरोबर ते पृष्ठभागावर आले, पाणी उडून गेले आणि क्षार मागे राहिले. थोडी भुकटी चमचाभर पाण्यात टाका. क्षार सहसा विरघळतात, बुरशी विरघळत नाही. लोणा दिसला तर ओल भिंतीच्या आतून येते आहे हे नक्की.

हिचा धोका किती?

२०२१ साली करोनाच्या साथीत म्युकरमायकोसिस हा रोग गाजला आणि लोक त्याला ‘काळी बुरशी’ म्हणू लागले. त्यामुळे न्हाणीघरातले काळे डाग पाहून कित्येकांना धसका बसला. ते दोन्ही एक नव्हेत. तो रोग वेगळ्या गटातल्या बुरशींमुळे होतो आणि मुख्यतः प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांना होतो. भिंतीवर बहुधा क्लॅडोस्पोरियम, अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम यांच्या जाती असतात. यांतल्या पेनिसिलियमच्याच एका जातीत फ्लेमिंगना १९२८ मध्ये पेनिसिलीनचा शोध लागला, आणि तेच औषध बनवण्यासाठी आपल्या पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला.

तरीही घरातल्या बुरशीकडे दुर्लक्ष करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, श्वास लागणे, दमा यांचा त्रास अधिक होतो, असे त्यांत सांगितले आहे. लहान मुले, वृद्ध आणि दम्याचे रोगी यांना हा त्रास विशेष होतो.

इंग्लंडमधील रॉचडेल या गावी डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा मरण पावला. तो भाड्याच्या घरात राहत होता आणि त्या घरात बुरशी होती. वडिलांनी तक्रार केली, तेव्हा भिंत रंगवून घ्या असे त्यांना सांगण्यात आले होते. २०२२ मध्ये चौकशी अधिकाऱ्याने निष्कर्ष काढला की दीर्घ काळ बुरशीच्या संपर्कात राहिल्यामुळे श्वसनाचा विकार होऊन त्याचा मृत्यू झाला आणि त्या घरात हवा खेळण्याची सोय पुरेशी नव्हती. २०२३ मध्ये तेथे कायद्यात त्याच्या नावाची तरतूद झाली. भिंतीवर रंग फासणे म्हणजे बुरशी घालवणे नव्हे, हे शिकण्यासाठी त्या समाजाला फार मोठी किंमत मोजावी लागली.

आता बुरशी काढू या

हे काम मोठ्या माणसांच्या सोबतीनेच करावे. घरात कोणाला दमा असेल तर त्या व्यक्तीने या कामात पडू नये व त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसावे. नाकातोंडावर मास्क, हातांत रबरी मोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. बुरशीचा भाग एका चौरस मीटरहून मोठा असेल तर जाणकार माणसालाच बोलवावे.

पहिला नियम : बुरशी कोरडी असताना झाडू किंवा ब्रश मारू नका. तसे केल्यास लक्षावधी बीजाणू हवेत उडतात. आधी ओल्या फडक्याने डाग भिजवा. मग धुण्याचा सोडा किंवा कपड्यांची पावडर कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने घासा. ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि सर्वांत शेवटी कोरड्या फडक्याने टिपून भिंत वाळवा. हे शेवटचे पाऊल अनेक जण गाळतात. मग धुतलेल्या पाण्यावरच नवी बुरशी पोसली जाते! वापरलेली फडकी गरम पाण्यात धुवा किंवा पिशवीत बांधून फेकून द्या.

गुळगुळीत फरश्या व त्यांमधले सांधे यांवर डाग उरला तर बाजारात मिळणारे ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण, वापरता येते. एक कप ब्लीचला सोळा कप पाणी हे प्रमाण पुरे. दहा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुऊन टाका व पुसून घ्या. गिलाव्याच्या भिंतीवर मात्र ब्लीचचा फार उपयोग नाही. ते वरचा काळा रंग उडवते, त्यातले पाणी गिलाव्यात मुरते आणि आत शिरलेले कवकतंतू शाबूत राहतात. डाग दिसेनासा होतो, बुरशी जात नाही.

यापुढची सूचना ठळकपणे लक्षात ठेवा. ब्लीच आणि संडास साफ करण्याचे आम्ल कधीही एकत्र करू नका. दोहोंच्या रासायनिक क्रियेने क्लोरीन हा विषारी वायू बाहेर पडतो. लहानशा बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो. अमोनिया असलेल्या द्रवातही ब्लीच मिसळू नये. दोन औषधे मिसळली की दुप्पट गुण येतो, ही समजूत येथे प्राणावर बेतते.

चुन्याचा हात देण्याची आपली जुनी पद्धत शास्त्राला धरून आहे. विरलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याच्या संपृक्त द्रावणाचा सामू बाराच्याही वर असतो आणि इतक्या अल्कधर्मी जागी बुरशीला रुजणे कठीण जाते. पुढे हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याचे कॅल्शियम कार्बोनेट बनते व ही शक्ती ओसरते. म्हणून चुना पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. शिवाय चुन्याच्या थरातून भिंतीतले बाष्प बाहेर जाऊ शकते. ओल्या भिंतीवर तैलरंग लावला तर पाणी आत कोंडते, पोपडे धरतात आणि त्या पोपड्यांमागे बुरशी निवांत वाढते.

परत येऊ नये म्हणून

यासाठी फार खर्च लागत नाही. शेवटी जो आंघोळ करील त्याने वायपरने भिंत व फरशी ओढून काढावी. आपण वर केलेला ६०० ग्रॅमचा हिशेब आठवा. ओले टॉवेल आणि धुतलेले कपडे न्हाणीघरात वाळत घालू नयेत. बादलीवर झाकण ठेवावे. साबणाचा थर आठवड्यातून एकदा घासावा.

आंघोळ झाल्यावर न्हाणीघराचे आतले दार लावावे, म्हणजे बाष्प घरात पसरत नाही, आणि बाहेरची खिडकी उघडावी. हवा बाहेर ओढणारा पंखा असेल तर उत्तमच. ताशी १५० घनमीटर हवा ओढणारा पंखा आपले ७.५ घनमीटरचे न्हाणीघर तीन मिनिटांत एकदा रिकामे करतो. पण जितकी हवा बाहेर जाईल तितकी आत यायला वाट हवी. दाराखाली बोटभर फट नसेल तर पंखा नुसताच गरगरतो.

तुम्ही विचाराल, पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असते, मग खिडकी उघडून काय उपयोग? प्रश्न योग्य आहे. २७ अंशांच्या, ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरला सुमारे २०.६ ग्रॅम बाष्प असते. ती हवा २३ अंशांच्या गार भिंतीला लागली तर तेथे ती पूर्ण भरते. म्हणजे अशा दिवशी बाहेरची हवा भिंत वाळवणार नाही. तरी गरम पाण्याच्या आंघोळीनंतरची हवा त्याहून अधिक बाष्प बाळगून असते. ती घालवण्यापुरती खिडकी उघडावीच. महाबळेश्वरची गंमत याच्या उलट आहे. तेथली २० अंशांची, बाष्पाने पूर्ण भरलेली हवा घरात येऊन २५ अंशांपर्यंत तापली तर तिची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर उतरते. पाणी तेवढेच राहते, पण हवेची धारणशक्ती वाढते. पावसाळी प्रदेशात पेटत्या चुलीजवळची भिंत कोरडी राहते, त्याचे एक कारण हेच. हिवाळ्यात मात्र आपल्याकडे बाहेरची हवा कोरडी असते. त्या दिवसांत दुपारी खिडक्या सताड उघड्या ठेवाव्यात.

घरात गॅसचा गीझर असेल तर तो न्हाणीघराच्या बाहेरच बसवलेला असावा आणि झडपा कधीही कागदाने बुजवू नयेत. कोंडलेल्या जागेत जळणाऱ्या गॅसमुळे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. त्याला रंग नाही, वासही नाही.

भाड्याच्या घरात कोणाचे काम कोणते?

आता भांडणाकडे येऊ. प्लॅस्टिकच्या तुकड्याचा प्रयोग येथे पंचाचे काम करतो. पाणी हवेतून येत असेल तर पुसणे, हवा खेळती ठेवणे, कपडे बाहेर वाळवणे ही राहणाऱ्यांची कामे. मात्र खिडकीच नसेल किंवा ती उघडतच नसेल, तर राहणारा तरी काय करणार? आणि पाणी भिंतीतून, नळातून किंवा छतातून येत असेल तर कितीही घासले तरी उपयोग नाही. ती दुरुस्ती घराची आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम १४ नुसार जागा चांगल्या दुरुस्त स्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. निदान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षभरात वळती केलेली रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या भागाहून अधिक असता कामा नये. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा करार असेल तर दुरुस्तीविषयी त्यात काय लिहिले आहे ते आधी वाचावे. घर ताब्यात घेतानाच भिंतींची तारीखवार छायाचित्रे काढून ठेवली तर पुढचे वाद टळतात.

घरमालकाकडे जाताना ‘भिंत खराब आहे’ एवढेच सांगू नका. डाग कोठे आहे, कोणत्या महिन्यात वाढतो, प्लॅस्टिकच्या कोणत्या बाजूला थेंब जमले हे लिहून न्या. मोजलेली गोष्ट नाकारणे कोणालाही अवघड जाते.

वर्गात करून पाहा

शिक्षकांच्या देखरेखीखाली झाकणाच्या तीन काचेच्या बरण्या घ्या. पहिलीत ताज्या भाकरीचा तुकडा ठेवा. दुसरीत भाकरीचा तुकडा तव्यावर कडक वाळवून, गार करून ठेवा. तिसरीत तसाच कडक तुकडा ठेवून त्यावर चमचाभर पाणी शिंपडा. तिन्ही बरण्या घट्ट बंद करून सावलीत शेजारी शेजारी ठेवा. दहा दिवस रोज निरीक्षण करा व वहीत नोंदी लिहा. झाकण मात्र उघडू नका. प्रयोग संपल्यावर बरण्यांतील पदार्थ काढून टाकण्याचे काम मोठ्यांनी करावे.

तिन्ही बरण्यांत धान्य एकच, बीजाणूही तेच, तापमानही तेच. फरक फक्त पाण्याचा. कोणत्या बरणीत बुरशी आधी येईल आणि कोणत्या बरणीत येणारच नाही, याचा अंदाज प्रयोगापूर्वी लिहून ठेवा. मग तिसऱ्या बरणीकडे नीट पाहा. वाळलेला तुकडा नुसता पुन्हा ओला झाला, एवढ्यानेच काय झाले? त्याचे उत्तर मिळाले की तुमच्या घरी ब्रश घेऊन भिंत घासणाऱ्या मोठ्या माणसांना ते जरूर सांगा.